ईस्ट रिव्हरच्या पाण्यातली वीज

10 ऑक्टोबर 1885 च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये ईस्ट रिव्हरच्या दोन्ही काठांवर हजारो माणसे ताटकळत उभी होती. लष्कराचे अभियंते जनरल जॉन न्यूटन यांच्या मुलीने, मेरीने, कळ दाबली आणि फ्लड रॉक नावाचा नऊ एकरांचा खडक फुटला. पाणी, धूर आणि दगडगोट्यांचे लोट आकाशात चढले. या खडकाच्या पोटात वर्षानुवर्षे बोगदे खणून त्यांत जवळजवळ 3 लाख पौंड स्फोटके ठासली होती. धक्का न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टनपर्यंत जाणवला. माणसाने योजून केलेला एवढा मोठा स्फोट तोवर झाला नव्हता, असे मानतात. नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1876 मध्ये, हॅलेट्स पॉइंटजवळचा खडक असाच उडवला होता. तेव्हाही कळ याच मेरीने दाबली होती, आणि त्या वेळी ती अगदी लहानगी होती.

हा सगळा खटाटोप ईस्ट रिव्हरच्या पाण्याला घाबरून केलेला होता. मॅनहॅटन, ब्राँक्स, क्वीन्स आणि ब्रुकलिन यांच्या मधून जाणाऱ्या या 26 किलोमीटरच्या पट्ट्यात हेल गेट नावाची अरुंद, वळणाची जागा आहे. तिथे भोवरे उठत, पाणी खडकांवर फुटे आणि शिडाच्या गलबताला सुकाणू धरता येत नसे. 23 नोव्हेंबर 1780 ला ब्रिटिशांचे ‘हुसार’ हे लढाऊ जहाज इथल्या पॉट रॉकवर आदळून बुडाले. त्यात सैन्याच्या पगाराचे सोने होते, ही वदंता आजतागायत टिकून आहे. पुढे बंदर वाढले, वाहतूक वाढली, तसे दरसाल शेकडो गलबतांना इथे दणका बसू लागला. न्यूटन यांनी आयुष्यातली जवळजवळ वीस वर्षे हा रस्ता मोकळा करण्यात घातली. त्यांनी खडक काढले. प्रवाह काढणे कुणालाच शक्य नव्हते, कारण तो खडकांमुळे आलेलाच नव्हता.

तो येतो समुद्रातून, आणि दोन दारांनी येतो. अटलांटिकची भरती एकीकडून सरळ न्यूयॉर्क बंदरात शिरते. दुसरीकडून ती लाँग आयलंडला वळसा घालते, म्हणजे जवळजवळ 190 किलोमीटर लांबीच्या बेटाच्या पूर्व टोकावरून आत येते आणि लाँग आयलंड साउंड या आखातातून पश्चिमेकडे सरकते. बंदराला पूर्ण भरती लागल्यानंतर साधारण तीन तासांनी साउंडच्या पश्चिम टोकाला भरती लागते, आणि ती बंदरातल्या भरतीपेक्षा उंचही असते. बंदरात पाण्याची चढउतार सरासरी दीड मीटरच्या आत, तर साउंडच्या या टोकाला दोन मीटरच्या वर. ईस्ट रिव्हर या दोन पाण्यांना जोडणारी सामुद्रधुनी आहे. एका टोकाला पाणी वर असते तेव्हा दुसऱ्या टोकाला खाली. मग उतार मिळेल तिकडे पाणी धावते, सुमारे सहा तासांनी थबकते आणि उलटे धावू लागते. असे दिवसातून चार वेळा.

मुंबईच्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढते. त्या मानाने न्यूयॉर्कची भरती अगदी लहान. म्हणून मुंबईकराला न्यूयॉर्कमध्ये भरतीवर वीज करण्याची कल्पना ऐकून आश्चर्य वाटेल. पण ईस्ट रिव्हरचा जोर भरतीच्या उंचीतून येत नाही, दोन भरत्यांच्या वेळांतल्या फरकातून येतो. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तरच पुढच्या सव्वाशे वर्षांचा हा इतिहास समजतो.

भरतीच्या पाण्याकडून काम करून घेण्याची युक्ती या शहराला जुनी होती. सतराव्या शतकात ब्रुकलिनमध्ये वस्ती करून राहिलेल्या डच शेतकऱ्यांनी गोवानसच्या खाडीवर बांध घालून भरतीच्या गिरण्या चालवल्या. भरतीला तळे भरून घ्यायचे, ओहोटी लागली की दार उघडायचे आणि परतणाऱ्या पाण्यावर जाते फिरवायचे. ऑगस्ट 1776 मध्ये ब्रुकलिनची लढाई झाली तेव्हा जॉर्ज वॉशिंग्टनचे सैनिक याच दलदलीतून आणि गिरण्यांच्या बांधांजवळून जीव वाचवत मागे हटले. मग वाफ आली, कोळसा आला आणि गिरण्या मोडीत निघाल्या.

4 सप्टेंबर 1882 ला, म्हणजे हेल गेटमधल्या दोन मोठ्या स्फोटांच्या मधल्या काळात, थॉमस एडिसनने पर्ल स्ट्रीटवर आपले वीजकेंद्र सुरू केले. पहिल्या दिवशी त्यावर सुमारे 400 दिवे लागले. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, ईस्ट रिव्हरपासून हाकेच्या अंतरावर असलेले हे केंद्र कोळशावर चालत होते. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षे शहराची वीज याच पाण्याच्या काठाकाठाने वाढली, पण पाण्याच्या वेगाचा तिला काही उपयोग नव्हता. इंधन पाण्यावरून आणायचे आणि तापलेली यंत्रे पाण्याने थंड करायची, एवढेच पाण्याचे काम. क्वीन्सच्या काठावरचे रेव्हन्सवुड केंद्र हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची त्याची धुराडी मॅनहॅटनमधूनही दिसतात. तिथे 1965 मध्ये अ‍ॅलिस-चाल्मर्स कंपनीने बनवलेला 1,000 मेगावॉटचा संच बसला. एवढा मोठा संच तोवर जगात कुठे नव्हता, आणि लोक त्याला ‘बिग अ‍ॅलिस’ म्हणू लागले. त्याच वर्षी 9 नोव्हेंबरला ईशान्य अमेरिकेची वीज गेली, वंगण पोहोचवणारे पंप थांबले आणि या राक्षसी यंत्राचे बेअरिंग खराब झाले. एकाच ठिकाणी एवढी ताकद एकवटण्यात कोणता धोका असतो, हे शहराला त्या रात्री कळले.

रेव्हन्सवुडच्या समोर, नदीच्या मध्यावर तीन किलोमीटर लांबीचे एक चिंचोळे बेट आहे. पूर्वी त्यावर तुरुंग, रुग्णालये आणि वेड्यांचे इस्पितळ होते. 1887 मध्ये नेली ब्लाय या तरुण वार्ताहर बाईने वेडाचे सोंग घेऊन त्या इस्पितळात प्रवेश मिळवला आणि आतले हाल जगापुढे आणले, ते हेच बेट. 1973 मध्ये त्याला रूझवेल्ट आयलंड हे नाव मिळाले आणि त्यावर घरे उभी राहिली. बेटामुळे ईस्ट रिव्हरचे दोन फाटे होतात. मोठी जहाजे पश्चिमेच्या फाट्याने जातात. पूर्वेच्या फाट्यात रहदारी कमी, पाणी साधारण दहा मीटर खोल आणि प्रवाह सेकंदाला दोन मीटरच्या वर. प्रवाहाच्या विजेला याहून सोयीची जागा शहरात दुसरी नव्हती.

तेलाच्या टंचाईनंतरच्या त्या दशकात, म्हणजे 1980 च्या आसपास, न्यूयॉर्क विद्यापीठात डीन कॉरेन आणि त्यांचे सहकारी धरण न बांधता वाहत्या पाण्यातून वीज घेण्यावर काम करत होते. त्यांनी तीन पात्यांचे टर्बाइन तयार केले आणि त्याचे पूर्वरूप याच ईस्ट रिव्हरमध्ये उतरवून पाहिले. ते चालले. पण तेल स्वस्त झाले, सरकारचा उत्साह ओसरला आणि काम कपाटात गेले. कॉरेन पुढे व्हरमाँटच्या राजकारणात गेले, बर्नी सँडर्स यांच्याबरोबर त्यांनी काम केले. 2000 साली व्हर्डंट पॉवर ही छोटी कंपनी निघाली, तेव्हा तिने कॉरेन यांचा जुना आराखडा पुन्हा टेबलावर घेतला. पंधरा वर्षे वाया गेली, असे मला वाटते. ती गेली नसती तर पुढची मोडतोड बरीच आधी होऊन गेली असती आणि तिच्यातून शिकायला वेळ मिळाला असता.

पाणी घनतेने हवेच्या आठशेपट. म्हणून पाच मीटर व्यासाचे, मिनिटाला पस्तीस-चाळीसच फेरे घेणारे छोटे टर्बाइन पाण्यात 35 किलोवॉट देऊ शकते. दुसरे सूत्र वेगाचे आहे. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. याचा फायदा उधाणाच्या दिवसांत मिळतो आणि भांगाच्या दिवसांत तोच फटका बसतो. एक गोष्ट मात्र वाऱ्याला आणि उन्हाला कधीच साधत नाही: पुढच्या वर्षीच्या अमुक तारखेला अमुक वाजता पाणी किती वेगाने धावेल, हे चंद्र-सूर्याच्या गणितावरून आजच सांगता येते. ग्रिड सांभाळणाऱ्या माणसाला या खात्रीचे मोल विचारून पाहावे.

यंत्र पाण्यात घालण्याआधी कायद्याचा अडसर होता. अमेरिकेत पाण्यावरची वीज केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाच्या अखत्यारीत येते, आणि त्याचे नियम मोठ्या धरणांना समोर ठेवून बनलेले. रूझवेल्ट आयलंडच्या पूर्वेच्या फाट्यात व्हर्डंट करू पाहत होती त्या सहा छोट्या टर्बाइनांच्या प्रयोगालाही धरणाइतकीच कागदपत्रे लागणार, अशी वेळ आली. 2005 मध्ये आयोगाने तोड काढली. प्रयोग थोड्या मुदतीचा असेल आणि त्यातून ग्रिडच्या विजेचा धंदा होत नसेल, तर परवान्याशिवाय चाचणी करता येईल, असा निर्णय दिला. बेटावरच्या ग्राहकाला वीज द्यायची तर त्यामुळे कॉन एडिसन या वीज कंपनीची जेवढी विक्री बुडेल तेवढी भरपाई करून द्यायची. थोडक्यात, वीज करायची, ती द्यायची आणि वर तिचे पैसेही आपणच मोजायचे. व्हर्डंटने ते मान्य केले. या निर्णयाचा आधार पुढे देशभरातल्या अशा प्रयोगांना मिळाला. न्यूयॉर्कच्या या कहाणीतला सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत टिकाऊ भाग हाच, असे माझे मत आहे.

डिसेंबर 2006 मध्ये पहिली दोन यंत्रे पाण्यात गेली. एक वीज करणारे, दुसरे फक्त जोर मोजणारे. ही दोन पावले एकाच वेळी टाकली हे शहाणपणाचे होते, कारण मोजणाऱ्या यंत्राने जे सांगितले ते कागदावरच्या अंदाजापेक्षा कठोर निघाले. थोड्याच अवधीत पात्यांची टोके तुटली. मग अधिक मजबूत पाती आली. 2007 च्या वसंतात एकूण सहा टर्बाइने उतरली, त्यांतली पाच वीज करणारी. या खेपेला पाती टिकली, पण पाती जिथे मध्यभागी जोडलेली असतात तिथले बोल्ट त्या भाराला पुरेनात. ऑगस्टमध्ये सगळी यंत्रे दुरुस्तीसाठी बाहेर काढावी लागली.

हे काम पाण्यावर उभे राहून करणे किती कठीण, याची कल्पना करून पाहावी. पाणबुडे खाली उतरू शकतात ते फक्त पाणी थबकलेले असते तेवढ्याच अवधीत, आणि ईस्ट रिव्हरमध्ये तो अवधी अगदी थोडा. त्या वेळात बोल्ट सोडायचा, साखळी अडकवायची, क्रेनला खूण करायची. पाणी पुन्हा हलू लागले की वर यायचे आणि पुढच्या थबकीची सहा तास वाट पाहायची. ती थबक रात्री येणार असेल तर रात्री. खाली पाणी गढूळ, हाताएवढ्या अंतरावरचे दिसत नाही.

दरम्यान माशांचा प्रश्न होता. फिरती पाती मासे कापतील अशी भीती पर्यावरण खात्यांना वाटत होती, आणि ती रास्त होती, कारण ईस्ट रिव्हरमधून पट्टेरी बास आणि हेरिंगसारखे मासे ये-जा करतात. म्हणून टर्बाइनांभोवती दोन डझन ध्वनियंत्रे बसवून रात्रंदिवस माशांवर नजर ठेवली गेली. प्रयोगाच्या खर्चाचा मोठा वाटा या पाळतीवर गेला. निघालेले उत्तर दिलासा देणारे होते. मासे बहुधा किनाऱ्याजवळच्या संथ पाण्यात राहत आणि वेगवान पट्टा टाळत. पाण्याचा वेग कमी असे तेव्हा ते मध्यावर येत, पण तेव्हा पातीही फिरत नसत. पात्यांचा मार बसल्याचा पुरावा सापडला नाही.

सप्टेंबर 2008 मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची नवी पाती बसवलेली यंत्रे पाण्यात गेली. ती आधी कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत भार घालून तपासलेली होती. ती टिकली. 2006 ते 2008 या सगळ्या धडपडीतून सुमारे 70 मेगावॉट-तास वीज निघाली आणि ती बेटावरच्या ग्रिस्टीडीज या किराणा दुकानाला आणि मोटारी ठेवण्याच्या बहुमजली इमारतीला मिळाली. दुकानातले फ्रीज भरती-ओहोटीच्या विजेवर चालले. पाण्याखाली ओळीने मांडलेल्या एकाहून अधिक टर्बाइनांनी ग्राहकाला वीज पुरवण्याचे हे जगातले पहिले उदाहरण समजले जाते. याच वर्षी उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड खाडीत 1.2 मेगावॉटचे सीजेन हे एकच मोठे यंत्र उभे राहिले, आणि बातम्यांचा प्रकाशझोत साहजिकच तिकडे गेला.

23 जानेवारी 2012 ला आयोगाने व्हर्डंटला दहा वर्षांचा परवाना दिला. 30 टर्बाइने, मिळून सुमारे 1 मेगावॉट. भरतीच्या प्रवाहावर वीज करून ती विकण्याचा अमेरिकेतला हा पहिला परवाना.

त्याच वर्षी 29 ऑक्टोबरच्या रात्री सँडी वादळ आले. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला पाणी 4.2 मीटरवर चढले, तिथल्या नोंदींतली सर्वांत मोठी पातळी. ईस्ट रिव्हर काठ सोडून रस्त्यांवर आली. पूर्व 13 व्या रस्त्यावरच्या कॉन एडिसनच्या उपकेंद्रात पाणी शिरले, आकाशात निळा-हिरवा लोळ दिसला आणि मॅनहॅटनचा दक्षिण भाग काळोखात बुडाला. तो काही दिवस तसाच राहिला. ज्या काठावर एडिसनने पहिले दिवे लावले, त्याच्या आसपास लोक मेणबत्त्या घेऊन बाराव्या मजल्यावर जिने चढत होते. वीजकेंद्रे पाण्याच्या काठावर बांधण्याच्या सव्वाशे वर्षांच्या सवयीची ही किंमत होती. समुद्र तापून चढतो आहे तो कोळसा आणि तेल जाळल्यामुळे, आणि तो वीजघरातही घुसला, ही गोष्ट न्यूयॉर्ककरांच्या मनातून जाणे कठीण आहे.

पुढची आठ वर्षे पैसे जमवण्यात आणि यंत्र नव्याने घडवण्यात गेली. आधीच्या रचनेत प्रत्येक टर्बाइनसाठी तळात वेगळा खांब ठोकावा लागे. आता त्रिकोणी पोलादी सांगाड्यावर तीन टर्बाइने एकत्र बसवली. सगळे जोडकाम काठावर करायचे आणि सांगाडा क्रेनने एकदाच खाली ठेवायचा. पाण्याखालच्या कामाचे तास वाचवणे हाच खरा धडा पहिल्या फेरीतून मिळाला होता. ऑक्टोबर 2020 मध्ये, शहर करोनाच्या पहिल्या लाटेतून नुकते सावरत असताना, हा सांगाडा पूर्वेच्या फाट्यात उतरला. पुढच्या साधारण साडेआठ महिन्यांत तीन टर्बाइनांनी 312 मेगावॉट-तास वीज दिली आणि 99 टक्के वेळ ती कामाला तयार राहिली. मे 2021 मध्ये टर्बाइन वर काढून पुन्हा बसवण्याचे कामही करून दाखवले. राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने बनवलेली, पुन्हा वितळवता येतील अशा प्लॅस्टिकची पातीही याच पाण्यात तपासली गेली.

312 मेगावॉट-तास म्हणजे किती? समोरचा 1,000 मेगावॉटचा ‘बिग अ‍ॅलिस’ पूर्ण ताकदीने चालला तर तेवढी वीज एकोणीस मिनिटांत देतो. हा आकडा मी लपवणार नाही. पण मोजायला दुसरा आकडाही आहे. 2006 मध्ये थोड्याच अवधीत पात्यांची टोके मोडली होती, आणि 2021 मध्ये तीच कल्पना शंभरातले नव्व्याण्णव तास कामाला तयार होती. चौदा वर्षांत एका छोट्या कंपनीने, बहुतांशी एकाच फाट्यात, हे अंतर कापले. स्कॉटलंडच्या पेंटलंड सामुद्रधुनीतला 6 मेगावॉटचा मेजेन प्रकल्प याच काळात उभा राहिला तो सरकारच्या प्रोत्साहनामुळे. न्यूयॉर्कमध्ये एवढे प्रोत्साहन नव्हते. राज्याने 2019 मध्ये कायदा करून 2030 पर्यंत 70 टक्के वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे ठरवले, पण बहुतेक आशा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर आणि सौर पटलांवर ठेवली.

माझ्या मते ही चूक होती. एक मेगावॉटने न्यूयॉर्कची भूक भागणार नाही हे खरे. पण कोणत्याही विजेचा पहिला मेगावॉट महागच असतो, एडिसनचे 400 दिवेही स्वस्त नव्हते. टिकणारे यंत्र हाती आल्यावर ते तीसच्या संख्येने लावून पाहण्याचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा होता, आणि तोच राहिला. परवान्याची दहा वर्षे सरली, सांगाडा वर काढला गेला, आणि परवानगी असलेल्या 30 टर्बाइनांपैकी तीनच कधी एकत्र फिरली.

खंबातच्या आणि कच्छच्या आखातातल्या भरतीतून हजारो मेगावॉट मिळू शकतील असे अंदाज आपल्याकडे अनेक वर्षे मांडले जात आहेत. त्यांवर काम करायला बसणाऱ्या अभियंत्यांनी आणि नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांनी ईस्ट रिव्हरची कागदपत्रे आधी वाचावीत: तुटलेल्या पात्यांचे अहवाल, माशांच्या नोंदी आणि 2005 चा तो निर्णय. ही सगळी मोडतोड एकदा होऊन गेली आहे, ती आपण पुन्हा पहिल्यापासून करण्याची गरज नाही.